शिपाई घरीं येतो तेव्हां

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून कोयना नदी प्रथम दक्षिणेकडे वाहते. हेळवाकाजवळ ती एकाएकीं पूर्वेकडे वळते, पाटणावरून कऱ्हाडास जाते व तेथें प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. या वळणापाशींच आजचें कोयनानगर वसलें आहे. धरणाच्या बांधकामाबरोबर उभी राहिलेली ही वसाहत नवी खरी; परंतु ज्या खोऱ्यांत ती उभी आहे तें खोरें जुनें आहे, आणि शिपाईगिरीशीं त्याचा संबंधही तितकाच जुना आहे. भात, नाचणी आणि वरी यांवर डोंगरउतारावरचीं जीं घरें जगलीं, त्यांतील एखादा तरी मुलगा पलटणींत असावयाचा, हा या बाजूचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होय.

लढाईवर निघालेल्या माणसास निरोप कसा द्यावा हें महाराष्ट्रास कोणी शिकवावें लागलें नाहीं. दसऱ्याचें सीमोल्लंघन आहे, कुलदैवताचा अंगारा आहे, आईनें हातावर घातलेलें दहीं आहे. परत आलेल्या माणसासाठीं मात्र विधि एवढाच, कीं उंबऱ्याबाहेर त्याला थांबवावयाचें, पायांवर पाणी घालावयाचें, आणि त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून दूर टाकावयाचा. एवढें झालें म्हणजे घरास वाटे, आपला माणूस आला. पुष्कळदां तो माणूस खऱ्या अर्थानें घरीं येण्यास त्यानंतर वर्ष-दोन वर्षें लागत. बखरींतून व इतिहासग्रंथांतून मोहिमांचीं वर्णनें सांपडतात, पडलेल्यांचीं नांवें सांपडतात; पण या वर्ष-दोन वर्षांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. तो घडविणारीं माणसें म्हणजे शिपायाची आई, बायको, भाऊ आणि शेजारी. त्यांच्याकडे पाहिल्याखेरीज युद्धाचा हिशेब पुरा होत नाहीं.

या हिशेबाचें पहिलें ठळक पान कोयनेच्या कांठींच सांपडतें. १६५९ सालच्या नोव्हेंबरांत प्रतापगडच्या पायथ्याशीं अफजलखानाचा वध झाला, आणि खालीं पार गांवाच्या परिसरांत त्याच्या फौजेवर मावळे तुटून पडले. या विजयानंतर शिवाजी महाराजांनीं काय केलें, हें सभासदानें आपल्या बखरींत नमूद करून ठेवलें आहे. जे लोक कामास आले त्यांच्या मुलांस चाकरींत घेतलें. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निम्में वेतन चालू केलें. आणि जे जखमी झाले त्यांस जखमेचें मान पाहून पंचवीसांपासून दोनशें होनांपर्यंत रोकड दिली. यांतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. जखमी शिपाई घरीं जाणार, म्हणजे त्याचा भार घरावर पडणार, आणि तो भार राज्यानें उचलला पाहिजे, हें त्या राजानें लढाईचा धुरळा खालीं बसतांच ओळखलें. पुढें पेशवाईंतही रणांत पडलेल्यांच्या मुलांसाठीं जी नेमणूक चाले, तिला ‘बालपरवेशी’ असें नांव होतें. दफ्तरांतील हा शब्द कोरडा दिसतो. परंतु त्याच्यामागें अनेक घरांची चूल आहे.

त्या काळच्या लढाईचा आणखी एक गुण असा होता, कीं ती ऋतूंबरोबर चाले. पावसाळा आला कीं फौज छावणीस येई, आणि दसरा उलटला कीं पुन्हां बाहेर पडे. मावळांतील पुष्कळसे शिपाई मूळचे शेतकरीच असल्यानें तलवार व नांगर यांत फार अंतर पडत नसे. शिवाय शेजारचा माणूसही त्याच मोहिमेंतून आलेला असे. शिपायानें जें पाहिलें तें गांवांतील निम्म्या पुरुषांनीं पाहिलेलें असे. त्यामुळें त्याला आपलें मन बोलून दाखविण्यास पार होता, चावडी होती, आणि ऐकणारा कान जाणता होता.

इंग्रजी अमलांत हें सारें पालटलें. १७६८ सालापासून मुंबई सरकारच्या फौजेंत उभ्या राहिलेल्या पलटणींतून ‘जंगी पलटण’ व ‘काळी पांचवी’ हीं नांवें पुढें मराठी मुलुखांत घरोघर माहीत झालीं. नोकरी आतां बारमाही झाली, पगार नियमित झाला, आणि मनिऑर्डर हा घराचा आधार बनला. त्याबरोबरच रणांगण मात्र समुद्रापलीकडे गेलें. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां हिंदुस्थानांतून दहा लाखांहून अधिक माणसें परदेशीं रवाना झालीं, आणि त्यांपैकीं सत्तर हजारांच्या आसपास परत आलीं नाहींत. सातारा तालुक्यांतील अपशिंगे या एका गांवचे ४६ जवान त्या युद्धांत कामास आले. त्या गांवाला आज ‘अपशिंगे मिलिटरी’ असेंच म्हणतात, आणि तेथें त्या मृतांचें स्मारक उभें आहे.

मराठा पलटणींच्या वांट्यास मुख्यत्वें मेसोपोटेमिया आला. टायग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कुत-अल-अमारा या गांवीं १९१५ च्या डिसेंबरांत जनरल टाउनशेंड यांची फौज तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. तींत १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा सुमारें पांच महिने चालला. धान्य संपत आलें. घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि धर्माच्या विचारानें तें मांस न शिवणारे अनेक हिंदी शिपाई मूठभर जवाच्या पिठावर वाळत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौजेनें शस्त्रें खालीं ठेविलीं. सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं. वाळवंटांतून पायीं चालविलेल्या या कैद्यांपैकीं कित्येक वाटेंतच पडले. जे उरले त्यांतील पुष्कळांना रेल्वेच्या रस्त्यावर मजुरी करावी लागली. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर तुर्कस्तानाशीं तहकुबी झाली, आणि मगच त्यांची सुटका झाली.

आतां असा एखादा शिपाई कऱ्हाडच्या स्टेशनावर उतरून पाटणच्या वाटेला लागला, अशी कल्पना करावी. १९१८ चें तें साल. पावसानें दगा दिलेला; धान्याचे भाव चढलेले; आणि त्याच शरदांत इन्फ्ल्युएंझाची साथ मुंबई इलाख्यावरून वणव्यासारखी गेलेली. त्या साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. ज्यानें रणांत सोबती गमावले, त्याला घरीं येऊन कळावें कीं उंबऱ्याच्या आंतही माणसें उरलीं नाहींत, असें त्या वर्षीं कितीतरी गांवांत झालें असलें पाहिजे. बाहेर मृत्यु पाहून आलेला आणि घरांत मृत्यु पाहून बसलेलें, असे दोघे समोरासमोर येत. कोणी कोणाचें सांत्वन करावयाचें? घरच्यांस वाटे, हा पगार घेऊन सुखांत होता. त्याला वाटे, हे घराच्या सावलींत होते. या गैरसमजानें दुरावलेलीं मनें पुन्हां जुळविणें हेंच त्या पिढीतील आयाबायांचें अबोल कार्य होतें.

कानठळ्या बसविणाऱ्या तोफांच्या माऱ्यानें माणसाचें मन जखमी होतें, ही गोष्ट वैद्यकशास्त्रानें याच युद्धांत मान्य करण्यास सुरुवात केली. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरानें वैद्यकीय नियतकालिकांत अशा रोग्यांचें वर्णन ‘शेल शॉक’ या नांवानें प्रसिद्ध केलें. खेड्यांतील घराजवळ असें नांव नव्हतें. रात्रीं ओरडून उठणें, माणसांत बसावयाचें टाळणें, क्षुल्लक कारणानें हात उगारणें, या लक्षणांना ‘बाहेरची बाधा’ म्हणावें, नाहींतर ‘पलटणींत जाऊन माजला’ म्हणावें, एवढेच दोन मार्ग खुले होते. पहिल्या मार्गानें देवऋष्याचें घर भरे. दुसऱ्या मार्गानें शिपायाचें मन रितें होई. जेथें घरच्यांनीं यांतील कोणतेंच नांव न ठेवतां त्याला नुसतें सांभाळून घेतलें, तेथें तो लवकर सांवरत असे.

शरीरानें पंगु झालेल्यांसाठीं मात्र कांहीं संस्था निघाल्या. १९१७ सालीं मुंबईस अपंग हिंदी शिपायांसाठीं क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही धंदेशिक्षणाची शाळा सुरू झाली व ती पुढें खडकीस गेली. हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला नुसतें पेन्शन देऊन ओसरीवर बसवूं नये, त्याच्या अंगीं एखादें कसब यावें, हा विचार त्या शाळेनें महाराष्ट्रांत रुजविला. १९१९ सालीं इंडियन सोल्जर्स बोर्डाची स्थापना झाली. या मंडळाच्या जिल्हावार शाखांचें काम दिसावयास साधें होतें: पेन्शनचे कागद, थकलेल्या रकमा, पदकें, कज्जेदलाली. परंतु ज्या घरांत अक्षरओळख असलेलें एकही माणूस नाहीं, तेथें एक अर्ज लिहून देणें हेंही मोठें साहाय्य असतें.

याच सुमारास पुण्यास शिवाजी महाराजांच्या व रणांत पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाची कल्पना मूर्त होऊं लागली. १९२१ च्या नोव्हेंबरांत प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्तें कोनशिला बसली, आणि १९२८ सालीं शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनीं घडविलेल्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण झालें. स्मारक भव्य आहे व तें असावयासच पाहिजे. तथापि दगडांत व ब्राँझमध्यें मृतांस मान देणें सोपें. जिवंत परत आलेल्यास मान देणें अवघड, कारण तो रोज जेवावयास बसतो, रोज चिडतो, आणि रोज त्याला समजून घ्यावें लागतें.

दुसऱ्या महायुद्धानें हा प्रश्न अनेक पटींनीं वाढविला. १९४५ पर्यंत हिंदी फौज सुमारें पंचवीस लाखांवर गेली होती. मराठा पलटणी इटलींत लढल्या. कुलाबा जिल्ह्यांतील नाईक यशवंत घाडगे हे जुलै १९४४ मध्यें तेथेंच धारातीर्थीं पडले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील शिपाई नामदेव जाधव यांनीं एप्रिल १९४५ मध्यें सेनियो नदीच्या बांधावर जखमी सोबत्यांस पाठीवरून सुरक्षित जागीं आणलें आणि स्वतः जखमी असतांही शत्रूचीं ठाणीं मोडलीं. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक परत आला नाहीं. दुसरा परत आला व पुढें जवळजवळ चाळीस वर्षें आपल्या माणसांत राहिला. शौर्यपदकाचा क्षण कांहीं घटकांचा; त्यानंतरचीं चाळीस वर्षें हीं घराचीं व गांवाचीं.

या वेळीं सरकारनेंही मागच्यापेक्षां अधिक तयारी केली होती. १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघालें. सैन्यांतून मोकळ्या होणाऱ्या लक्षावधि माणसांस काम मिळावें म्हणून १९४५ च्या जुलैंत नोकरी मिळवून देणारीं सरकारी केंद्रें उघडण्यांत आलीं. ज्या सेवायोजन कचेऱ्यांत पुढें तरुणांच्या पिढ्यांनीं आपलीं नांवें नोंदविलीं, त्यांचा जन्म घरीं परतणाऱ्या शिपायाच्या पोटाच्या चिंतेंतून झाला, हें आज फारसें कोणास आठवत नाहीं.

साताऱ्यांत मात्र पोटाच्या जोडीला मनाचाही पेंच होता. १९४३ पासून १९४६ पर्यंत या जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार चालू होतें. गांवोगांवचे न्यायनिवाडे लोक आपसांतच करीत होते. बादशहाच्या पलटणींतून पदकें लावून आलेला भाऊ, आणि भूमिगतांस रात्रीं भाकरी पोंचविणारा भाऊ, हे दोघे एकाच ताटांत जेवणारे असूं शकत. अशा वेळीं ‘तूं कोणासाठीं लढलास?’ हा प्रश्न शिपायाच्या काळजास घरें पाडणारा होता. त्याचें प्रामाणिक उत्तर बहुधा असें असे, कीं घरासाठीं. कारण जमिनीचा तुकडा पुरत नव्हता. ज्या वडीलधाऱ्यांनीं तो प्रश्न ओसरीवर येऊंच दिला नाहीं, त्यांनीं दोन्ही मुलगे राखले.

स्वातंत्र्यानंतर शिपायाचें हें दुहेरी जिणें संपलें. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरला. सोल्जर्स बोर्डाचें रूपांतर होत होत केंद्रीय सैनिक बोर्ड झालें. १९६१ च्या जूनमध्यें देशांतील पहिली सैनिक शाळा साताऱ्यासच निघाली. परंतु त्याच सुमारास कोयनेच्या खोऱ्यावर एक वेगळेंच स्थित्यंतर आलें. १९५४ सालीं धरणाचें काम सुरू झालें, आणि पुढें शिवसागर जलाशयाच्या पाण्याखालीं अनेक गांवें गेलीं. माणसें सातारा-सांगलीच्या पठारी भागांत, सोलापुराकडे, तसेंच कोंकणांत ठाण्या-रत्नागिरीकडे विखुरलीं. सरहद्दीवरील जवानाच्या दृष्टीनें याचा अर्थ असा, कीं ज्या अंगणाची आठवण काढून त्यानें थंडीच्या रात्री काढल्या, तें अंगणच उरलें नाहीं. पुढें ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारें १८० माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि कोयनानगर बहुतेक सारें ढासळलें. त्या वेळीं एक सत्य या खोऱ्यास फार जवळून दिसलें: भयाचा अनुभव घेण्यास रणांगणावरच जावें लागतें असें नाहीं. भूकंपांतून वांचलेला माणूस भांडें पडल्याच्या आवाजानें दचकतो, भिंतींआड निजावयास भितो. ज्यांनीं हें स्वतः भोगलें, त्यांस दचकणाऱ्या शिपायास ‘भित्रा’ म्हणतां येणार नाहीं.

१९८० सालीं अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांनीं आघातानंतर टिकून राहणाऱ्या या दुखण्यास रोगांच्या अधिकृत यादींत स्थान दिलें. जुन्या घरांतील शहाण्या माणसांनीं जें अनुभवानें जाणलें होतें, त्यास शास्त्राचा आधार मिळाला. आज एक अडचण मात्र वाढली आहे. बसऱ्याहून परतणारा शिपाई बोटीवर कित्येक दिवस सोबत्यांबरोबर घालवी. मग डेपोंत राही. मग घरीं येई. रण आणि घर यांच्यामध्यें एक मोकळी पट्टी असे. आजचा जवान हिमालयांतील ठाण्यावरून निघाला तर दोन-तीन दिवसांत आपल्या दारांत उभा राहतो. शरीर पोंचतें, मन मागें असतें. ती मोकळी पट्टी आतां घरानेंच त्याला द्यावयाची आहे.

साडेतीनशें वर्षांच्या या अनुभवांतून कांहीं गोष्टी निश्चित दिसतात. पहिले कांहीं दिवस पाहुण्यारावळ्यांची गर्दी व सत्काराची घाई नसावी. ‘किती मारलेस?’ हा प्रश्न कोणीही, विशेषतः मुलांनीं व मित्रांनीं, विचारूं नये. तो आपण होऊन बोलूं लागला तर मात्र मध्येंच न तोडतां ऐकावें. त्याच्या गैरहजेरींत ज्या बायकोनें शेत, शाळा, देणें-घेणें सांभाळलें, तिच्या हातचा कारभार एका दिवसांत काढून घेऊं नये. दोघांनीं मिळून तो हळूहळू वांटून घ्यावा. मुलांस बापाची ओळख पुन्हां होण्यास वेळ लागतो. त्यांना बळें पुढें ढकलूं नये. दिवाळींत फटाके वाजणार असतील तर त्याला आधीं सांगून ठेवावें. हाताला काम असावें, पण कामाचा ओझ्यासारखा तगादा नसावा. दारू हें झोपेचें औषध नव्हे, हें प्रेमानें पण ठामपणें सांगावें.

आणि घराच्या प्रेमासही मर्यादा आहेत, हें विसरूं नये. झोप महिनोन्‌महिने उडालेली असणें, अंगावर धांवून येणें, जगण्यांत अर्थ नाहीं असें बोलणें, हीं लक्षणें दिसल्यास लाजेखातर दार बंद करून बसणें घातक होय. अशा माणसास एकटें सोडूं नये व डॉक्टरास दाखविण्यास विलंब लावूं नये. २००३ पासून निवृत्त सैनिकांसाठीं अंशदायी आरोग्ययोजना चालू आहे. साताऱ्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आणि २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयीं केव्हांही सल्ला मिळतो. शिपायाइतकाच त्याच्या बायकोला व आईला या सल्ल्याचा अधिकार आहे. कारण रात्रीं जागीं राहणारें माणूस एकटा शिपाईच नसतो.

प्रतापगडाखालच्या लढाईनंतर जखमेचें मान पाहून होन देण्यांत आले. तेव्हांची जखम डोळ्यांस दिसत होती, म्हणून ती मोजतां आली. जी दिसत नाहीं तिचें मान घरच्या माणसांनाच ओळखावें लागतें, आणि तिचें मोल होनांनीं नव्हे, तर धीरानेंच द्यावें लागतें. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकण्यास एक क्षण पुरतो. त्यानंतरचें वर्ष ज्या घरानें नीट सांभाळलें, त्या घरचा शिपाई खरोखर परत आला असें म्हणावें.